भिंतींच्या आधी हवा

मिरजेला दवाखान्यांचं नवल नाही. 1894 साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथं मिशनचं रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून बेळगाव, विजापूर, कोकण कुठकुठून माणसं मिरज जंक्शनला उतरतात ती रिपोर्टांची पिशवी हातात धरून. सांगली-मिरज रस्त्याला आजही हॉस्पिटलांच्या पाट्या मराठीबरोबर कानडीतही दिसतात. अशा भागात वाढलेली मुलगी आर्किटेक्ट झाल्यावर हॉस्पिटलं आणि लॅब काढायला लागली यात खरं तर विशेष काही नाही. तरी पुण्यातली नोकरी सोडून मी सांगलीला आले आणि ‘मी मेडिकलचीच कामं घेते’ असं सांगायला लागले, तेव्हा ओळखीचे बिल्डर म्हणाले, “ताई, बंगले, अपार्टमेंट केल्याशिवाय इथं ऑफिस चालत नाही.” चाललं. कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुली आता विचारतात, या कामात वेगळं असतं तरी काय? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे एक एक्स-रेची खोली. विश्रामबागेतल्या एका हाडांच्या डॉक्टरांना जुन्या दवाखान्यात मशीन बसवायचं होतं. पुस्तकातले आकडे मला पाठ होते. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या निकषांप्रमाणे खोली किमान 18 चौरस मीटर, भिंती 9 इंची विटेच्या, छातीचा एक्स-रे ज्या स्टँडवर काढतात त्याच्या मागची भिंत 14 इंची, दाराला 1.7 मिलिमीटर शिसं, आणि खिडकी असेल तर ती बाहेरच्या जमिनीपासून 2 मीटरच्या वर. हे सगळं ड्रॉइंगवर होतं आणि गवंड्यानं बांधलंही तसंच. प्लास्टरच्या आधी मी साइटवर गेले तर वायरमननं त्या 9 इंची भिंतीत बोर्डाच्या पेटीसाठी चांगली तीन इंच खोल खाच मारून ठेवली होती. त्याच जागी पलीकडच्या बाजूनं दुसरी पेटी, पाठीला पाठ लावून. घराच्या कामात अशी पेटी सर्रास बसते आणि तिथं कुणाचं काही बिघडत नाही. इथं मात्र 9 इंचांची भिंत तेवढ्या भागात 3 इंचांची झाली होती आणि तिच्या पलीकडे नातेवाइकांचा बाक येणार होता. विटांच्या उभ्या सांध्यांतही माल नीट भरलेला नव्हता, बॅटरी लावली की काही फटींतून उजेड दिसत होता. दोन्ही पेट्या बाहेरून बसवायला लावल्या, खाचा काँक्रीटनं भरल्या, सांधे खरवडून पुन्हा भरून घेतले. गवंडी कुरकुरला नाही. फक्त म्हणाला, “मॅडम, ह्यातनं दिसत नाही असं काहीतरी जातं म्हणा की.” किरण कसे जातात हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून मेडिकलच्या प्रत्येक कामात मी गवंडी, वायरमन, प्लंबर यांना एकत्र बसवून सांगते की ही भिंत कशासाठी आहे. ड्रॉइंग देऊन निघून आलं की कोण काय कापेल याचा नेम नसतो.

मग नर्सिंग होमची कामं यायला लागली. आपल्याकडची बरीचशी नर्सिंग होम राहत्या इमारतीसारखी बांधलेली असतात, मजल्याची उंची दहा फूट. ऑपरेशन थिएटरला तासाला किमान 20 वेळा हवा बदलावी लागते, त्यातली 4 वेळा बाहेरची ताजी हवा, आणि ती सगळी बारीक फिल्टरमधून. याचा अर्थ छताखालून मोठा डक्ट, म्हणजे हवा नेणारी पत्र्याची नळी, न्यायची. दहा फुटांतून पावणेदोन फुटांचा बीम आणि दीड फुटाचा डक्ट वजा करा, सात फूटही उरत नाहीत, आणि त्यातच दिव्याचा हात लटकतो. म्हणून थिएटरच्या मजल्याला मी चौदा फूट मागते आणि जवळजवळ प्रत्येक डॉक्टर पहिल्या मीटिंगला नाही म्हणतात. उंची वाढली की खर्च वाढतो हे खरं आहे. पण मजला एकदा बांधला की उंची पुन्हा वाढवता येत नाही, बाकी सगळं बदलता येतं. अमेरिकन आर्किटेक्ट लुई कानने कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत प्रयोगशाळेच्या प्रत्येक मजल्याच्या वर एक आख्खा मजला फक्त पाइप, डक्ट आणि वायरींसाठी दिला. 1965 साली बांधून झालेल्या त्या इमारतीत आजही प्रयोगशाळा बंद न करता वरच्या मजल्यावर दुरुस्ती चालते. सांगलीत आख्खा मजला कोण देणार? मी चार फूट मागते. लॉबीतला इटालियन मार्बल रद्द करून ते चार फूट घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे आणि मी ते तोंडावर सांगते.

थिएटरची कामं करताना एक गोष्ट मला बाई असल्यामुळे कळली. नवीन काम घेतलं की मी त्या डॉक्टरांच्या जुन्या थिएटरमध्ये कपडे बदलून, टोपी-मास्क लावून कोपऱ्यात उभी राहते, सकाळच्या पहिल्या केसपासून फरशी पुसून होईपर्यंत. अशाच एका ठिकाणी मी सिस्टरना विचारलं, कपडे कुठं बदलायचे? त्यांनी मला स्टोअरमध्ये नेलं. सलाइनची खोकी, एक मोडकं स्टूल, दाराला आतून कडी नाही, म्हणून एक सिस्टर बाहेर दाराला पाठ लावून उभी. प्लॅनवर ‘डॉक्टर्स चेंज’ होतं, शॉवरसकट. सर्जन दोन, भूलतज्ज्ञ एक. सिस्टर आणि मावशी मिळून त्याच्या दुपटीहून जास्त बायका, आणि त्यांच्या नावाची खोलीच नाही. रात्रपाळीच्या सिस्टरना बाथरूमला जायला वॉर्ड सोडून खाली ओपीडीत जावं लागायचं, म्हणून त्या रात्रभर पाणीच कमी प्यायच्या. हे त्यांनी आधीच्या कुठल्याही इंजिनिअरला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं आणि पुरुषाला सांगायचं तरी कसं. तेव्हापासून सिस्टरची बदलायची खोली आणि नर्सिंग स्टेशनच्या हाकेच्या अंतरावर स्टाफचं टॉयलेट, या दोन जागा माझ्या प्लॅनवर पहिल्या दिवशी येतात. क्षेत्रफळ कमी पडायला लागलं की डॉक्टर आधी त्यांच्यावरच बोट ठेवतात. त्या मी काढत नाही. एकदा एक काम यावरून सोडलं आहे.

पण ज्या कामानं माझी विचार करायची पद्धतच बदलली, ती एक लॅब. 2020 सालची गोष्ट. एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमना त्यांच्या लॅबच्या वरच्या मजल्यावर पीसीआरचा विभाग करायचा होता आणि दिवस असे की प्रत्येक जण घाईत. मी त्यांना म्हटलं, मॅडम, पीसीआर म्हणजे काय ते मला आधी शिकवा. त्यांनी शिकवलंही, पांढऱ्या फळ्यावर. नमुन्यात विषाणूच्या जनुकीय साखळीचा जो तुकडा शोधायचा त्याच्या प्रती काढत जायच्या. प्रत्येक चक्राला दुप्पट. 30 चक्रांत एका तुकड्याचे साधारण 107 कोटी होतात. म्हणजे काम संपल्यावर त्या इवल्याशा नळीत इतका माल असतो की झाकण उघडताना उडालेला, डोळ्याला न दिसणारा थेंब बाहीला लागला, ती बाही उद्या सकाळी रसायनं तयार करायच्या टेबलाला घासली, तर निरोगी माणसाचा रिपोर्टही पॉझिटिव्ह येऊ शकतो. मशीन बरोबर, टेक्निशियन हुशार, आणि रिपोर्ट चूक.

फळ्यावरचा तो आकडा बघितला आणि मला माझं काम समजलं. उलटा प्रवास होऊ न देणं, एवढंच. माणूस, कोट, ट्रे, हवा, कशाचाच.

आधी मी त्यांच्या चालू लॅबमध्ये एका नळीच्या मागे चालले. रक्त घेतलं तिथून ती कुणाच्या हातात, कुठल्या ट्रेत, कुठं थांबली, कुठं बारकोड लागला, रिकामी झाल्यावर कुठल्या पिशवीत गेली. ती रेघ एका रंगानं काढली. टेक्निशियनची दुसऱ्या रंगानं, कचऱ्याची तिसऱ्या. पिवळी, लाल, पांढरी, निळी अशा वर्गवारीनं कचरा बांधला तरी तो ज्या लिफ्टनं खाली जातो त्याच लिफ्टनं जेवणाचे डबे वर येत होते. रेघा एकमेकींना जिथं कापत होत्या तिथं मी टिंबं दिली. नव्या प्लॅनमध्ये त्यातली शक्य तेवढी टिंबं घालवायची होती. भिंतीची एकही रेघ अजून कागदावर नव्हती.

मग खोल्या ओळीत आल्या. पहिली रसायनं तयार करायची, सगळ्यात स्वच्छ, तिच्यात हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त. पुढची नमुना उघडून त्यातलं जनुकीय द्रव्य वेगळं करायची. इथं नमुन्यातला विषाणू जिवंत, म्हणून दाब बाहेरपेक्षा कमी, हवा खोलीबाहेर येता कामा नये. मग मिसळण्याची, आणि शेवटी मशीनची. खोलीतून खोलीत ट्रे देण्यासाठी भिंतीत दोन दारांच्या पेट्या, एक दार उघडं असताना दुसरं उघडतच नाही अशा. प्रत्येक खोलीच्या दाराबाहेर खुंट्या. या खुंट्यांवर मी आणि मॅडम किती तरी वेळ बोललो, कारण सगळी शिस्त तिथं टिकते किंवा मोडते. खुंटी चार पावलं लांब असेल तर घाईत कोट अंगावरच राहतो आणि 107 कोटींची खोली पहिल्या खोलीत येते. म्हणून प्रत्येक खोलीच्या कोटाचा रंग वेगळा आणि खुंटी दाराच्या मुठीपासून हातभर अंतरावर.

नमुना उघडायच्या खोलीत बायोसेफ्टी कॅबिनेट बसतं, म्हणजे नमुना हाताळायची समोरून उघडी पेटी. त्याच्या तोंडाशी हवा साधारण अर्धा मीटर प्रति सेकंद वेगानं आत ओढली जाते आणि तोच टेक्निशियनचा पडदा. माणूस साधं चालत गेला तरी त्याच्यामागची हवा याहून वेगानं हलते. म्हणजे दाराजवळ, येण्याजाण्याच्या वाटेवर किंवा एसीच्या झोताखाली हे लाखोंचं कॅबिनेट ठेवलं तर त्याचा उपयोग निम्मा. ते खोलीच्या आतल्या टोकाला, शांत कोपऱ्यात हवं. कंपनीचा माणूस प्लग जिथं आहे तिथं बसवून जातो. त्यामुळे प्लगची जागा ठरवणं हे आर्किटेक्टचं काम आहे, वायरमनचं नाही.

बांधकाम झालं, यंत्रणा चालू केली आणि दाब धरेना. उण्या दाबाच्या खोलीत निदान 2.5 पास्कलचा फरक हवा. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर पाव मिलिमीटर उंचीचं पाणी, इतका नाजूक. दाब मोजायच्या गेजचा काटा थोडा हलायचा आणि परत शून्यावर. एसीचा कॉन्ट्रॅक्टर म्हणाला पंखा मोठा लावू. मला ते पटेना. शिडी मागवली. साइटवरचा मिस्त्री म्हणाला, “मॅडम, तुम्ही कशाला चढता, मी बघतो की.” मी चढले. फॉल्स सिलिंगची एक पाटी सरकवून बॅटरी मारली तर दोन खोल्यांमधली भिंत सिलिंगच्या वर वीतभर गेली होती आणि तिथंच संपली होती. स्लॅबपर्यंत पोचलीच नव्हती. खाली चकचकीत दारं, रबरी पट्ट्या, आणि वर चारही खोल्यांची हवा एकच. ड्रॉइंगवर भिंत स्लॅबपर्यंत दाखवली होती, पण बांधणाऱ्याला वाटलं सिलिंगच्या वर कोण बघतंय. घाईच्या त्या दिवसांत पुन्हा मचाण बांधून भिंती वर नेल्या, डक्ट आणि वायरींच्या पाइपांभोवतालची भोकं सीलंटनं बंद केली, सिलिंगमधल्या दिव्यांच्या कडाही.

त्यानंतर मी उदबत्ती लावली. गेजवर माझा विश्वास आहे, पण हवेची दिशा डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कुठलीही खोली ताब्यात देत नाही. दार बंद करून खालच्या फटीशी उदबत्ती धरली. धूर आधी सरळ वर गेला, मग वाकला आणि फटीतून आत शिरला, एका रेषेत, जरासुद्धा न डगमगता. रसायनांच्या खोलीच्या दाराशी तोच धूर बाहेर ढकलला गेला. मॅडम, त्यांच्या टेक्निशियन मुली, मिस्त्री, सगळे गुडघ्यांवर बसून बघत होते. मिस्त्रीनं तर पुन्हा पुन्हा करून बघितलं. पुढच्या साइटवर भिंत स्लॅबला भिडली का हे त्यानं स्वतः फोन करून सांगितलं.

त्याच लॅबमध्ये मोरीवरूनही वाद झाला. प्लंबरला प्रत्येक खोलीत जमिनीत नहाणी ट्रॅप द्यायचा होता, ‘धुवायला बरं’ म्हणून. ट्रॅपच्या वाकात साचलेलं पाणी गटाराची हवा अडवतं. पण एसीच्या कोरड्या खोलीत जिथं रोज पाणी पडत नाही तिथं ट्रॅपमधलं पाणी सुकतं, आणि खोलीत उणा दाब असेल तर गटाराची हवा सरळ वर येते. 2003 साली हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स वसाहतीत सार्स पसरला त्यात अशाच सुकलेल्या ट्रॅपचा मोठा हात होता, तीनशेहून अधिक माणसं आजारी पडली. आम्ही जमिनीतले ट्रॅप काढलेच. फरशी ओल्या मॉपनं पुसायची असं ठरलं.

सांगलीत काम करायचं तर कृष्णेला विसरून चालत नाही. आयर्विन पुलाशी 45 फूट ही धोक्याची पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गावभागापासून कितीतरी वस्त्यांत तळमजले बुडाले. ओसरल्यावर मी काही दवाखाने बघायला गेले. चिखल सगळीकडेच होता, पण मला लक्षात राहिलं ते तळघरातलं आणि तळमजल्यावरचं सामान: जनरेटर, विजेचं मुख्य पॅनल, यूपीएस. वरचे वॉर्ड कोरडे आणि तरीही बंद, कारण वीजच नाही. पूरपट्ट्याच्या आसपासच्या कामात आता मी तळघर काढतच नाही. पॅनल, यूपीएस, ऑक्सिजनची व्यवस्था पहिल्या मजल्यावर, तळाला फक्त पार्किंग आणि जे धुऊन पुन्हा वापरता येईल ते. जोतं उंच करा असं सगळेच म्हणतात, पण स्ट्रेचरच्या रॅम्पला 1 ला 12 चा चढ लागतो. जोतं चार फूट उचललं की रॅम्प 48 फुटांचा, शिवाय वळणावरचा सपाट टप्पा वेगळा. शहरातल्या तीस फूट रुंदीच्या प्लॉटवर तो मुरडून मुरडून बसवावा लागतो. पार्किंगची एखादी गाडी कमी होते आणि मालक नाराज होतात. होऊ देत.

सध्या एका छातीच्या डॉक्टरांच्या इमारतीवर काम चालू आहे. खाली ओपीडी, वर लॅब. त्यांना ओपीडीचा प्रतीक्षाकक्ष काचेचा, बंद आणि एसीचा हवा आहे. पेशंटना तसं आवडतं, असं ते म्हणतात, आणि एप्रिल-मेच्या सांगलीत त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण खोकणारी माणसं तासन्‌तास बसणार, त्यातली काही टीबीची, निदान न झालेली. आपण लावतो तो स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा गार करून फिरवत राहतो. पेरूमधल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांत खोल्यांमधली हवा तासाला किती वेळा बदलते हे मोजलं गेलं, तो अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. 1950 च्या आधीच्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत खिडक्या उघडल्या की तासाला 40 वेळा. नव्या ठेंगण्या इमारतींत 17. यंत्रानं हवा बदलणाऱ्या खोल्यांसाठी शिफारस असते ती 12 ची. म्हणजे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात स्वस्त तेच सगळ्यात सुरक्षित निघालं. वरच्या लॅबला मी डक्ट, फिल्टर, गेज सगळं देणार आहे कारण तिथं त्याला पर्याय नाही. खाली मात्र मला पश्चिमेकडून वारा घेणारा उघडा सोपा, म्हणजे ओसरी, हवा आहे, पंधरा फूट उंच, वर गरम हवा निघून जायला झडपा, उन्हाच्या बाजूला जाळीची वीट, आणि बसायला रुंद कट्टे, कारण विजापूरकडून आलेल्या पेशंटबरोबर घरची तीन माणसं आणि भाकरीची दुरडी असते.

डॉक्टरांनी अजून होकार दिलेला नाही. गेल्या बैठकीत मी प्लॅन दाखवला आणि प्लॅनवर वारा दिसत नाही. सोमवारी पुन्हा बसणार आहोत तेव्हा सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, नेणार आहे, हवा कुठून येते आणि कुठून जाते ते निळ्या पेन्सिलीनं काढून. त्यांच्या आताच्या ओपीडीतल्या सिस्टरनाही बोलवा असं सांगून ठेवलं आहे. दिवसभर त्या हवेत त्याच बसतात.